'बरळतो' म्हणजे नक्की किती?

रात्रपाळी: अमरावती जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. ग्लासगो कोमा स्केलचा, म्हणजे पेशंट किती शुद्धीत, किती बेशुद्ध हे आकड्यांत मोजायचा तक्ता वॉर्डात लावायला मराठीत करतेय. जास्तीत जास्त गुण डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण १५, कमीत कमी ३. अडलंय बोलण्यापाशी. ५ म्हणजे नाव, गाव, महिना बरोबर सांगतो. २ म्हणजे नुसता कण्हतो. ४ ला मी 'बरळतो' लिहिलं. सोबतच्या सिस्टर म्हणाल्या, बरळणं तर ३! ४ ला पेशंट वाक्यात उत्तर देतो, पण उत्तर चुकतं. ३ ला सुटे शब्द, विचारल्याशी मेळ नसलेले. एकाच पेशंटला दोघींनी दोन आकडे दिले, तर तब्येत उतरतेय की नाही हे पुढच्या डॉक्टरला कळणार कसं?

वऱ्हाडी: आमची माय तापात म्हणे, 'पोरगं वातात बडबडते'. 'वात' घ्या ना. माणूस उठून बसते, बोलते, पण आपल्याले ओळखत नाही.

जुना मास्तर: आधी 'बेशुद्ध' काढा. 'बे' फारसी, 'शुद्ध' संस्कृत. 'अचेत' असा स्वच्छ शब्द असताना हे कलम कशाला?

रात्रपाळी: सर, कपाशीवर फवारणी करताना पडलेल्याला ऑटोतून आणतात. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आणणारा म्हणतो, 'त्याले सुद नाही बाई'. 'अचेत' मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

पोथीवाचक: 'सुद' अस्सल आहे. सीताशुद्धी म्हणजे सीतेचा शोध. शुद्ध म्हणजे खबर, ठावठिकाणा. ज्याला स्वतःचीच खबर नाही तो बेशुद्ध. यात पवित्र-अपवित्राचा संबंध नाही.

जुना मास्तर: अर्थ पटला. 'बे' अजून पटत नाही.

अँब्युलन्सवाला: आमचा घोळ डोळ्यांत होतो. नातेवाईक म्हणतात, 'पिऊन झोपला हाय, झोपू द्या'. हाक मारली, डोळे उघडले तर ३. नखावर पेन दाबल्यावर उघडले तर २. पहिल्याला मी 'झापड' म्हणतो, दुसऱ्याला 'गुंगी'.

वऱ्हाडी: गुंगी औषधाची असते भाऊ. झापड जेवल्यावरही येते.

अँब्युलन्सवाला: दारूची गुंगी नसते काय? आणि पिलेला माणूस डोक्यावर पडलेलाही असू शकते, म्हणून तर नुसतं 'झोपला' चालत नाही.

रात्रपाळी: डोळ्यांना मी 'हाकेला उघडतो', 'दुखवल्यावर उघडतो' असंच लिहिलंय, तिथे भांडण नाही. बोलण्यात ४ ला 'भांबावलेला' पेन्सिलीनं लिहून ठेवलाय. ३ कोराच आहे.

वऱ्हाडी: भांबावलेला तर पूर्ण शुद्धीतला माणूसही असते. यात्रेत पोर हरवलेली बाई पाहा.