बुर्किना फासोत मलेरियावर एवढं संशोधन होतं, तरी मलेरिया कमी का होत नाही?

मधुरा_एमपीएच
नमस्कार सगळ्यांना. पब्लिक हेल्थचं दुसरं वर्ष चालू आहे आणि सेमिनारसाठी मी पश्चिम आफ्रिकेतलं बुर्किना फासो घेतलंय. वाचायला सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं की गरीब देश आहे, सोयी नाहीत, एवढंच लिहायचं असेल. पण निघालं भलतंच. आर२१ या मलेरियाच्या लशीची ती गाजलेली चाचणी याच देशात नानोरो गावी झाली, ४५० लहान मुलं, आणि लशीचा जोर वाढवणारा घटक जास्त मात्रेत दिलेल्या गटात १२ महिन्यांत ७७ टक्के परिणामकारकता. राजधानी वागाडुगूला मलेरियाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, बोबो-जुलासो शहरात सेंटर म्युराझ ही संशोधन संस्था आहे. आणि तरीही जगातल्या एकूण मलेरिया केसेसपैकी सुमारे ३ टक्के या एका देशात, लोकसंख्या फक्त सव्वादोन-अडीच कोटी असताना! मला हे गणितच जुळत नाहीये. संशोधन लोकांपर्यंत पोचत नाही म्हणायचं का? की मीच चुकीच्या दिशेने बघतेय?

फिल्डवरचा_माणूस
मधुराताई, प्रश्न बरोबर आहे पण "पोचत नाही" म्हणून सोडून देऊ नका, कुठे अडतंय ते बघा. मी एका आरोग्य संस्थेसोबत तिथे दोन पावसाळे काढलेत म्हणून सांगतो.

तिथला मलेरिया म्हणजे पावसाचा आजार. जून ते ऑक्टोबर. पाणी साचलं की डास, आणि नेमकं त्याच वेळी रस्ते चिखलात जातात, आईबाप शेतावर, घरातलं धान्य संपत आलेलं. म्हणजे आजाराचा जोर आणि दवाखान्यापर्यंत पोचायची अडचण एकाच महिन्यात येते. म्हणून तिथे पावसाळ्यात लहान मुलांना दर महिन्याला औषध देतात, घरोघर जाऊन, पहिल्या दिवशीचा डोस कार्यकर्त्यासमोर आणि पुढच्या दोन दिवसांच्या गोळ्या आईकडे. आता ती आई पहाटे शेतावर जाते, मूल गोळी थुंकतं (कडू असते ती), आणि मागच्या महिन्यात ताप आला नव्हता तर आत्ता गोळी कशाला असंही वाटतं. कागदावर कव्हरेज छान दिसतं, पण तीन दिवस पूर्ण किती मुलांचे झाले हे घरात बसून विचारल्याशिवाय कळत नाही. मी विचारत होतो, म्हणून हे मनाला लागलंय.

नानोरोच्या चाचणीत लशीचे डोस पाऊस सुरू व्हायच्या आधी दिले होते आणि एकेका मुलाचा पाठपुरावा ठेवला होता. ७७ आकड्यात त्या वेळापत्रकाचा वाटा मोठा आहे हे सेमिनारमध्ये नक्की लिहा.

किटकनाशक_वाचक
डासांकडेही बघा हो कुणीतरी. मच्छरदाण्या दर तीन वर्षांनी देशभर वाटतात, पण त्यांच्यावरचं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक आता तिथल्या डासांना पूर्वीसारखं लागू पडत नाही. आणि त्याचा धागा कापसापर्यंत जातो! नैऋत्य भागात कापसाची शेती, तिथे फवारणी त्याच कुळातल्या औषधांची, डास त्याच परिसरात वाढतात. त्यावर अभ्यास बोबो-जुलासोच्याच शास्त्रज्ञांनी केलेत. म्हणून आता दुहेरी औषधाच्या जाळ्या आल्यात, पण त्या महाग पडतात.

मधुरा_एमपीएच
कापसाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू! पण मग एक सांगा, मेनिंजायटिसचं (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाचं) काय? तिथे तर लस आली आणि आजार गेला असं वाचलं. मलेरियाला तसं का नाही जमत?

लसीकरण_डेस्क
हा मुद्दा धरून ठेवा, तुमच्या सेमिनारचा कणा हाच होऊ शकतो.

मेनअफ्रिव्हॅक ही ती मेनिंजायटिसची लस, पुण्याच्या सीरमने बनवलेली, एका डोसची किंमत तेव्हा अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. ६ डिसेंबर २०१० ला वागाडुगूत सुरुवात, आणि सुमारे दहा दिवसांत १ ते २९ वयाच्या १ कोटी १० लाखांहून जास्त लोकांना टोचली. एकच डोस, कोरडा हंगाम म्हणून रस्ते मोकळे, शिवाय ही लस घशातला जिवाणूसुद्धा कमी करते, म्हणजे न टोचलेल्यालाही फायदा. ए प्रकारचा मेनिंजायटिस तिथून जवळजवळ गेला. (सी आणि डब्ल्यू प्रकार राहिले, त्यामुळे साथी अजून येतात, ते विसरू नका.)

आता मलेरियाची लस त्याच्या शेजारी ठेवा. चार डोस. पहिले तीन महिन्या-महिन्याच्या अंतराने आणि चौथा वर्षभरानंतर. संरक्षण हळूहळू उतरतं म्हणून तो चौथा लागतोच. टोचलेल्या मुलाचा फायदा होतो पण डास तसेच फिरत राहतात. बुर्किनात नेहमीच्या लसीकरणात मलेरियाची लस फेब्रुवारी २०२४ ला आली, ती आर२१ नव्हे तर आरटीएस,एस ही दुसरी लस. हुंदे आणि शेजारच्या मालीतल्या बुगुनीला झालेल्या मोठ्या अभ्यासात लस आणि पावसाळी गोळ्या दोन्ही मिळाल्यावर, नुसत्या गोळ्यांपेक्षा दवाखान्यात भरती करावी लागणारा मलेरिया जवळपास ७० टक्के कमी झाला. म्हणजे एकट्या कशानेच भागत नाही, सगळं एकाच मुलाला वेळेवर मिळायला हवं.

फिल्डवरचा_माणूस
आणि त्यात सुरक्षेची भर घाला. सशस्त्र गटांमुळे २० लाखांहून जास्त लोक विस्थापित झालेत आणि उत्तर-पूर्वेकडची कितीतरी उपकेंद्रं बंद पडलीत. २०१६ पासून पाच वर्षांखालच्या मुलांचे उपचार सरकारने मोफत केलेत, फार चांगली गोष्ट आहे ती, पण उपकेंद्रालाच कुलूप असेल तर मोफत कुठे मिळणार? ज्या मुलाला तीन डोस एका गावात मिळाले ते वर्षाने दुसऱ्याच गावाच्या छावणीत असतं, आणि लसीकरणाचं कार्ड जुन्या घरात राहिलेलं.

मधुरा_एमपीएच
हे वाचून थांबून बसले थोडा वेळ. विषय बदलतेय, "संशोधन का पोचत नाही" ऐवजी फक्त चौथा डोस घेते, विस्थापित मुलांमधला. उद्या गाइडना विचारते. किटकनाशक_वाचक, कापसावरचे अभ्यास कुठल्या शब्दांनी शोधू ते सांगाल का?

किटकनाशक_वाचक
कापूस, अ‍ॅनोफेलिस गॅम्बी (मलेरिया पसरवणारा डास) आणि पायरेथ्रॉइड रेझिस्टन्स असं एकत्र टाका, आणि फ्रेंचमध्येही शोधा, बरंच काम त्या भाषेत आहे. सापडलं नाही तर इथेच लिहा, मी शोधून देतो.