मेडिकलमधली क्रीम 6 आठवडे लावली, मुरुमं वाढली. आता काय?

सातरस्ता_आई
मुलगी 17 वर्षांची. कपाळावर बारीक पुटकुळ्या दाटल्यात, हनुवटीवर मोठी दुखरी मुरुमं. मेडिकलमधून आणलेली क्रीम 6 आठवडे लावली. आधी चेहरा उजळला. आता एक दिवस चुकला तरी लाल होऊन चुरचुरतो. ट्यूबवर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन लिहिलंय. क्लासला स्कूटीवर जाते, तोंडाला स्टोल बांधून. केसांना रोज खोबरेल, घरी बोअरचं पाणी. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, शेंगाचटणी बंद करा. कशानंतर काय लावायचं ते नीट सांगाल का?

चिठ्ठी_दाखवा
ताई, आधी त्या ट्यूबचं बघा. मोमेटासोन हे स्टेरॉइड. हे मिश्रण वांगावर, तेही थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचं. मुरुमांचं औषधच नाही हे. स्टेरॉइडने सूज दबते म्हणून पहिल्या आठवड्यात फरक वाटतो. पुढे कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात आणि एकाच आकाराच्या पुटकुळ्या उठतात. एक दिवस चुकल्यावर जी लाली येते ती क्रीम सुटल्याची. त्यावर पुन्हा तीच लावली की गुंता वाढतो. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायलाच नकोत.

सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत ट्यूब सोबत घेऊन जा. एकदम सोडायची की हळूहळू, ते डॉक्टरांना ठरवू दे. तोवर सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच. लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा चेहऱ्याच्या जवळपासही नको.

रात्रीचं_जेल
चुरचुर पूर्ण थांबली आणि डॉक्टर हो म्हणाले, की मगच हे.

रात्री अडापॅलीन 0.1 टक्के जेल. तोंड धुऊन टिपा आणि 15-20 मिनिटं थांबा, ओल्या कातडीवर ते जास्त झोंबतं. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं पुरतं: कपाळ, दोन्ही गाल, हनुवटीवर ठिपके देऊन पसरवा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे, ओठ सोडा. एकेका मुरुमावर ठिपका देऊन उपयोग नाही. जे छिद्र आत तुंबतंय पण अजून वर दिसत नाही, त्यासाठीच हे औषध आहे. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून, वरून मॉइश्चरायझर.

सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के. सुरुवातीला 5 ते 10 मिनिटं ठेवून धुऊन टाका. हे रंग उडवतं! सोलापुरी चादरीवर, रंगीत टॉवेलवर पांढरट डाग पडतात आणि ते धुतल्याने जात नाहीत. उशीला पांढरा अभ्रा घाला, तोंड पुसायला पांढराच टॉवेल. नंतर एसपीएफ 30 किंवा जास्त, जेलचं सनस्क्रीन.

पहिल्या महिन्यात मुरुमं थोडी वाढू शकतात. खरा फरक 8 ते 12 आठवड्यांनी. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोडून देतात आणि तिथंच फसतं. नुसतं क्लिंडामायसिन (अँटिबायोटिक) जेल महिनोन् महिने लावू नका, जंतू त्याला दाद देईनासे होतात.

सातरस्ता_आई
आणि तेल, स्टोल, चटणी?

चिठ्ठी_दाखवा
कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांत तेलाचा हात असू शकतो. लावायचंच तर धुण्याआधी तासभर, केसांच्या कडेपासून दोन बोटं मागे. स्टोल रोज धुतलेला, सुती. एप्रिल-मेच्या उन्हात घामाने भिजलेलं तेच कापड दिवसभर गालावर घासलं की छिद्रं चिडतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट थर राहतो; म्हणून साबण बंद, फेसवॉश दिवसातून दोनदाच.

शेंगाचटणी खाऊ दे तिला. त्यापेक्षा गोड पेयं, बेकरीचं, मैद्याचं कमी करा.

रात्रीचं_जेल
एक राहिलं. हनुवटीवर मोठी मुरुमं, पाळी पुढेमागे आणि ओठावर-हनुवटीवर राठ केस असं एकत्र असेल तर पीसीओएसच्या (हार्मोन्स आणि अंडाशयाचा बिघाड) तपासण्या विचारा. खड्डे पडायला लागले असतील तर 12 आठवडे वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे. तिथं आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा विषय निघू शकतो. त्या सुरू करण्याआधी लिव्हर आणि चरबीची रक्ततपासणी लागते. गर्भावर त्यांचा गंभीर परिणाम होतो, म्हणून मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून कधीच आणू नका.