मदत हवी आहे: दिवाळीच्या सीझनमध्ये जड खोकी उचलताना कंबर कशी सांभाळावी?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ तुर्भे एमआयडीसीतल्या एका गोदामात माल उतरवतो. दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत तिथे टेम्पोंची रांग हटत नाही. मिक्सर, सुक्यामेव्याची खोकी, तेलाचे डबे... घरी आल्यावर खाली बसताना तो भिंत धरतो. वय जेमतेम पंचविशीचं, म्हणून जास्त काळजी वाटते.

गुडघ्यात वाकायचं, खोकं पोटाशी धरायचं, वळताना कंबरेला पीळ न देता पाय फिरवायचे, हे तो पाळतो. पण टेम्पोत आतपर्यंत हात लांबवून खोकं ओढावं लागतं, तिथे काय करायचं? वजन अंगापासून जितकं लांब, तितका कण्यावर ताण जास्त. अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात अगदी अनुकूल स्थितीतही २३ किलोचीच मर्यादा धरली आहे. इथे तर बऱ्याच खोक्यांवर वजनच लिहिलेलं नसतं.

कंबरपट्टा घ्यावा का? पट्टा बांधलाय म्हणून तो आणखी जड उचलेल, अशी मला भीती वाटते.

पायात मुंग्या वगैरे नाहीत, तरी डॉक्टरांना दाखवणारच आहोत. वाशी मार्केटमधले माथाडी बांधव किंवा कोणी फिजिओथेरपिस्ट ग्रुपवर असतील तर कृपया सांगा. आणि ट्रॉली मागितली की सुपरवायझर "सीझन संपू दे" म्हणतात. नोकरीला धक्का न लागता त्यांच्याशी कसं बोलावं?