जागा आमची, मग होर्डिंगला पालिकेची परवानगी कशाला?

मुळाकाठ:
आमच्या सोसायटीला एका जाहिरात कंपनीने विचारणा केली आहे. कंपाउंडच्या कोपऱ्यात रस्त्याकडे तोंड करून होर्डिंग उभारू द्या, दरवर्षी भाडं देतो. मीटिंगमध्ये बहुतेकांचा सूर एकच होता: जागा आपली, पैसे सोसायटीला, त्यातून इमारतीचा रंग निघेल. आकार, परवाना वगैरे कंपनी बघून घेईल, पालिकेने त्यात पडायचं कारण काय? माझा याला ठाम विरोध आहे.

होर्डिंगचे खांब आपल्या जागेत असतात, पण ते पडतं दुसऱ्याच्या अंगावर. 5 ऑक्टोबर 2018 ला पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात रेल्वेच्या जागेतल्या होर्डिंगचा सांगाडा काढायचं काम चालू होतं. तो कापताना सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर आला, 4 जण गेले. 17 एप्रिल 2023 ला पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात वादळी पावसात आडोशाला उभी असलेली माणसं होर्डिंगखाली सापडली, 5 गेले. 13 मे 2024 ला घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर पडलं, त्यात 17. रस्त्याने जाणारी, पंपावर थांबलेली ही माणसं. त्या होर्डिंगच्या भाड्याशी त्यांचा काय संबंध?

घाटकोपरची गोष्ट तर आमच्या मीटिंगमधल्या युक्तिवादाचीच आहे. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, परवानगी त्यांनीच दिलेली, महापालिकेची नव्हतीच. पालिकेची मर्यादा 40 बाय 40 फुटांची, उभं राहिलं ते 120 बाय 120. सरकारी खात्याच्या जागेवर हे झालं, तर आमच्या कोपऱ्यावर कोण लक्ष ठेवणार?

पाटीवाला नाशिक:
साहेब, मेलेल्या माणसांबद्दल वाद नाही. पण नियम कुणाला लागतो ते बघा. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानाबाहेर पत्र्याची पाटी फुटपाथच्या वर थोडी पुढे आली म्हणून मला नोटीस आली, दंड भरला, पाटी कापून घेतली. त्याच आठवड्यात समोरच्या चौकात एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सिग्नलच्या खांबाला सुतळीने बांधलेला होता. खाली पंचवीस शुभेच्छुकांचे फोटो. सिग्नलचा लाल दिवा त्या फोटोंमागे गेला होता. त्याला कुणी हात लावला नाही. वाढदिवस होऊन गेल्यावर वाऱ्यानेच तो फाटला.

नियम वाढवा म्हणणाऱ्यांना विनंती आहे, प्रत्येक नवीन नियम म्हणजे आमच्यासारख्यांकडे येणारा आणखी एक माणूस. ज्यांच्यासाठी नियम लिहिता ते त्या माणसाला ओळखतात.

नटबोल्ट:
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, म्हणून फक्त हिशेब मांडतो. आकाराची मर्यादा कुणाच्या लहरीवर ठरलेली नसते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. आपल्या भारतीय मानकात (आयएस 875, भाग 3) मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, पुण्यासाठी 39. मुंबईचा वेग धरला तर दर चौरस मीटरला साधारण 118 किलोचा रेटा येतो. 40 बाय 40 फुटांच्या पाटीवर तो सुमारे साडेसतरा टन होतो. 120 बाय 120 ला क्षेत्रफळ 9 पट, म्हणजे 150 टनांच्या वर. त्यात पाटीचा मध्य 3 पट उंच गेला, तर पायाला उलथवणारा जोर 27 पट होतो. उंची आणि आकाराचे गुणक मी यात धरलेलेच नाहीत. घाटकोपरच्या होर्डिंगचा पायाच अपुरा होता, असं नंतर मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजच्या तज्ज्ञांनी सांगितलं.

वरचा फ्लेक्स नवा कोरा असतो, म्हणून खालचा सांगाडाही नवा वाटतो. जवळ जाऊन बघा. खांबाच्या तळाच्या लोखंडी बेसप्लेटभोवती माती आणि कचरा साचलेला असतो, त्यात पावसाचं पाणी मुरतं. बोल्टचे आटे गंजून बसलेले असतात. वेल्डिंगच्या जोडावर रंगाचा फुगा दिसला, तर नखाने दाबा, आतून तपकिरी भुगा निघतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे कळायचा काही मार्ग नाही. म्हणून दुसऱ्या कुणीतरी तपासायचं असतं.

छपाई:
माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं युनिट आहे. घाटकोपरनंतर सगळीकडे एकदम कारवाई सुरू झाली. परवाना असलेले आणि नसलेले, दोघांचेही फ्लेक्स उतरवायला लावले. आमच्याकडे चढवणारी-उतरवणारी पोरं आहेत. दोरावर लटकून काम करतात, त्यांचा रोज बुडाला. दुर्घटना झाली की धडाका, मग वर्षभर शांतता, याला नियमन म्हणत नाहीत. माझा विरोध नियमाला नाही, या पद्धतीला आहे.

आणि पालिकेला या धंद्यातून परवाना शुल्क मिळतं हे विसरू नका. जो शुल्क घेतो तोच तपासणार, तर तपासणी कशी होईल?

मुळाकाठ:
छपाई, शेवटचा मुद्दा खरा आहे. पण त्यावर तपासणी सोडून द्या हा उपाय कसा?

पाटीवाला, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्यच. पण तुमचं उदाहरण नियमाच्या बाजूनेच बोलतं. भाऊंचा तो फ्लेक्स कायद्याने गुन्हा आहे, 1995 चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. बेकायदा फ्लेक्सबद्दल उच्च न्यायालयाने पालिकांना आणि पक्षांना किती वेळा सुनावलं! चेन्नईत 2019 मध्ये लग्नाचा बॅनर स्कूटरवरच्या 23 वर्षांच्या मुलीवर पडला आणि ती मागून येणाऱ्या टँकरखाली गेली. तो बॅनरही एका राजकीय माणसाच्या घरच्या लग्नाचा होता.

खुलं मैदान:
लोखंड पडू नये इथपर्यंत मी सगळ्यांबरोबर आहे. पुढे नाही. आकार, रंग, शहर कसं दिसावं, हे पालिकेने ठरवायचं का? ब्राझीलच्या साओ पावलोने 2007 पासून होर्डिंग सरसकट बंद केली. दुकानांच्या पाट्याही मोजून दिल्या: दर्शनी भाग 10 मीटरपेक्षा कमी असेल, तर जास्तीत जास्त दीड चौरस मीटर. दीड चौरस मीटर! आपल्या पुण्याच्या लक्ष्मी रोडवर हे लावून बघा. मोठ्या ब्रँडला टीव्ही आहे, मोबाइल आहे. गल्लीतल्या नव्या डॉक्टरला, क्लासवाल्याला, खानावळीला पाटीशिवाय दुसरं काय आहे? दिसण्याचा नियम शेवटी लहान माणसाचं तोंड बंद करतो.

सविता ठाणे:
खुलं मैदान, आमच्या समोरच्या इमारतीवर एलईडी स्क्रीन बसवली आहे. ती पडणार नाही, मजबूत असेल. पण रात्री दर काही सेकंदांनी आमच्या बेडरूमची भिंत लाल होते, मग निळी. सासूबाईंना झोप लागत नाही. जाड पडदे लावले, आता घरात वारा नाही. आम्ही नोटबुक घेऊन तासभर बसलो, किती वेळा रंग बदलतो ते लिहिलं आणि तक्रार दिली. उत्तर आलं, परवाना आहे. परवान्यात रात्रीच्या उजेडाची अट आहे का, हे सांगायला कुणी तयार नाही. हा प्रश्न दिसण्याचा की आमच्या घराचा?

आणि झाडं? होर्डिंगसमोर आलेल्या फांद्या रातोरात छाटल्या जातात, बुंध्याला भोकं पाडून विष घातलं जातं. मुंबई-ठाण्यात हे कुणी पाहिलं नाही?

खुलं मैदान:
ताई, उजेड घरात येत असेल तर ती अट हवीच, वादच नाही. तुमच्या घरात येणारी गोष्ट आणि मला नुसती आवडत नाही अशी गोष्ट, यात मी फरक करतो. झाडाला विष घालणं तर सरळ गुन्हा.

पण साओ पावलोचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मुळाकाठ:
माझं उत्तर असं. दुकानाची पाटी आणि जाहिरातीचं होर्डिंग एकाच नियमात घालू नये. पाटी सांगते की इथे हे दुकान आहे. होर्डिंग भलत्याच ठिकाणी बनलेल्या मालाची जाहिरात चौकात उभी करतं, आणि ती बघायची की नाही हे गाडी चालवणाऱ्याच्या हातात नसतं. दिल्लीत 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहनचालकांचं लक्ष वेधून धोका निर्माण करणारी होर्डिंग काढायला लावली, ती याच कारणाने. तेव्हा पाटीला सैल नियम, होर्डिंगला कडक. पाटीवाल्यांना हे चालेल ना?

नटबोल्ट:
एक भर घालतो. स्थिरतेचा दाखला देणारा इंजिनिअर होर्डिंगचा मालकच नेमतो आणि पैसेही तोच देतो. खरी गळती तिथे आहे. शुल्क पालिकेने घ्यावं आणि इंजिनिअर पालिकेच्या यादीतून, पाळीपाळीने नेमला जावा. आणि रेल्वेने 'पालिकेचे नियम आम्हाला लागू नाहीत' म्हणणं थांबवावं. रेल्वे कायद्याचं कलम 185 जाहिरातीवरच्या स्थानिक कराबद्दल आहे. पायाच्या मजबुतीतून त्यात कुणाला सूट दिलेली नाही.

पाटीवाला नाशिक:
पाटी वेगळी, होर्डिंग वेगळं, हे चालेल. पण आधी चौकातले फ्लेक्स उतरवा, मग माझ्याकडे या. हा क्रम जोपर्यंत उलटा आहे तोपर्यंत मी नवीन नियमाला सही करणार नाही.

मुळाकाठ:
क्रमाबद्दल तुमच्याशी भांडण नाही. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी तीन कागद मागणार आहे: पालिकेचा परवाना, पायाचं डिझाइन आणि कंपनीशी संबंध नसलेल्या इंजिनिअरचा दाखला. शिवाय परवाना क्रमांक, मंजूर मापं आणि शेवटच्या तपासणीची तारीख खांबावर डोळ्यांच्या उंचीला लिहायची, वर फ्लेक्सच्या कोपऱ्यात नाही. हे मान्य नसेल तर माझं मत विरोधात नोंदवा, असं लेखी देतो आहे.

छपाई:
खांबावर लिहायचं ठरलं तर सांगा, अक्षरं मी करून देतो. तारीख मात्र दरवर्षी बदलायला लावा.