मदत हवी आहे : हातसडीचा तांदूळ ओळखायचा कसा?

मंडळी, सासऱ्यांची साखर वाढलीय म्हणून डॉक्टरांनी पॉलिशचा तांदूळ कमी करा म्हणून सांगितलं. आता कोल्हापुरातल्या माणसाला पांढऱ्या रश्श्यासोबत भात नको म्हणायचं म्हणजे अवघडच. म्हणून लक्ष्मीपुरीतनं पाच किलो 'हातसडीचा घनसाळ' आणला, म्हणजे हातानं कांडलेला, कोंडा राखलेला आजऱ्याकडचा वासाचा तांदूळ. आजऱ्याचाच आहे, असं दुकानदार छातीठोकपणे म्हणाला.

घरी ताटात पसरून खिडकीपाशी बघितला. दाणा बारीक, वास छान, पण रंग जवळजवळ पांढरा. बहुतेक दाण्यांच्या एका टोकाला खाच दिसते, म्हणजे अंकुर गेलेला. कोंड्याच्या तांबूस रेघा दहात एखाद्याच दाण्यावर. धुतल्यावर पाणी दुधासारखं झालं आणि न भिजवताही भात पंधरा मिनिटांत शिजला. बिनपॉलिशचा एवढ्यात शिजतो होय? आमची आज्जी तर आदल्या रात्रीच भिजत घालायची.

परत गेले तर तो म्हणाला, "वहिनी, मग उकडा न्या, तो पिवळसर असतोय." पण उकडा म्हणजे साळ उकडून मग कांडलेला, त्यालाही पॉलिश असू शकतंच की! नुसत्या रंगावर कसा विश्वास ठेवायचा?

कुणी आजरा-चंदगडकडचं आहे का? एकदाच कांडलेला आणि मिलवर पुरता पॉलिश केलेला घनसाळ शेजारी ठेवून फोटो टाकाल का? लाल तांदूळ धुताना पाणी तांबूस होतं, ते कोंड्याचंच की रंग लावलेला असतो, तेही सांगा. आणि हो, उरलेल्या साडेचार किलोचं काय करू?