चॅनल स्ट्रिप आणि गायकाचा आवाज: मुद्रण करतानाच दाबावा, की कोरा घ्यावा?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

गायकाचा आवाज मुद्रित करतानाच चॅनल स्ट्रिपमधील कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारे नियंत्रण) हलक्या हाताने चालू ठेवावा, असे माझे मत आहे आणि ते येथे वादासाठी मांडत आहे. नागपुरातील लहान स्टुडिओंमध्ये सध्या नेमकी उलटी रीत रूढ झालेली दिसते: आवाज कोरा घ्यायचा आणि बाकी सारे पुढे प्लगइनवर (संगणकातील आवाज घडवणाऱ्या जोड-प्रणालींवर) सोडायचे. मग पदरचे पैसे घालून स्ट्रिप रॅकमध्ये बसवली तरी कशासाठी, हा प्रश्न मला पडतो.

ज्यांना हे यंत्र नवे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या कन्सोलवर प्रत्येक माइकसाठी एक उभी पट्टी असते आणि तिच्यात प्रीअँप (माइकचा क्षीण संकेत वाढवणारा), लो-कट (अगदी खालचे सूर कापणारा), ईक्यू (उंच-खोल सूर कमीजास्त करणारा) व पातळीचे नियंत्रण असे टप्पे ओळीने येतात. रूपर्ट नीव्ह यांचे १९७० सालचे १०७३ हे मोड्यूल म्हणजे त्यातील प्रीअँप आणि ईक्यू. प्रत्येक चॅनलवर कॉम्प्रेसर आणि गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे दार) देण्याची पद्धत सॉलिड स्टेट लॉजिकच्या ४००० मालिकेतील कन्सोलमुळे रुळली. ही पट्टी कन्सोलपासून सोडवून स्वतंत्र पेटीत घातली की झाली चॅनल स्ट्रिप.

आता मुद्द्याकडे येतो. आंबेडकर जयंतीच्या आधी, आणि पुन्हा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी, आपल्याकडे भीमगीतांचे काम दाटून येते. गायक कव्वालीच्या वळणाने गातात. शेर संथपणे, जवळजवळ बोलल्यासारखा म्हणतात आणि त्यापाठोपाठ तारसप्तकातील पुकार सोडतात. या दोहोंच्या पातळीत १५ ते २० डीबीचे (डेसिबलचे) अंतर सहज पडते. अशा वेळी मी रेशो (दाबण्याचे प्रमाण) २:१ किंवा फार तर ३:१, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंदांच्या आसपास आणि रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवतो, आणि थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाबणे सुरू होते ती) असा लावतो की पुकारीच्या वेळी मीटरची सुई ३-४ डीबीपलीकडे जाऊ नये व शेराच्या वेळी ती हलूच नये. लो-कट पुरुषांच्या आवाजाला ८० हर्ट्झवर, स्त्रियांच्या आवाजाला १०० हर्ट्झवर. ईक्यूने काहीही वाढवत नाही. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज बांधलेला ऐकू आला की तो बिचकत नाही, हा माझा अनुभव आहे. शिवाय निर्णय जागच्या जागी घेतला जातो, याचेही मोल आहे.

कोरा टेक

मंद्रसप्तकजी, आपली मांडणी नीटस आहे, परंतु ती ज्या काळासाठी खरी होती तो काळ सरला आहे. टेपवर मुद्रण होत असे तेव्हा तिच्या सरसरीपासून दूर राहण्यासाठी आवाज वरच्या पातळीवर नोंदवणे भाग होते आणि वर नेला की फुटण्याची भीती असे. म्हणून कॉम्प्रेसर लागत होता. १६ बिटच्या डिजिटल मुद्रणाच्या दिवसांतही सैद्धांतिक आवाका (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर) ९६ डीबीचाच होता. २४ बिटमध्ये तो १४४ डीबी आहे, आणि प्रत्यक्ष कन्व्हर्टर (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारे यंत्र) ११० ते १२० डीबी देतात असे धरले तरी, कमाल पातळी शून्य डीबी मानून, सरासरी पातळी उणे १८ आणि शिखरे उणे १०च्या आत ठेवून पुकारीसाठी हवी तेवढी मोकळी जागा राखता येते. गेन (प्रीअँपमधील वाढ) १० डीबी खाली आणला की आपले काम झाले. दाबलेला आवाज मात्र पुन्हा मोकळा करता येत नाही.

दुसरा मुद्दा खास आपल्या गावचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की बंद खोलीत कूलरवाचून कोणी गाऊ शकत नाही, आणि ज्यांच्याकडे विनाआवाजाचा एसी नाही ते कूलर बाजूच्या खोलीत ठेवून हळू गतीवर चालवतात. आवाज ६ डीबीने दाबून तेवढाच मेकअप गेन (दाबल्याने घटलेली पातळी भरून काढणारी वाढ) दिला, तर शेराच्या वेळी तो कूलर ६ डीबीने वर येतो. मग लोक त्यावर स्ट्रिपमधील एक्सपांडर (हळू आवाज आणखी हळू करणारा) लावतात आणि तो ओळीच्या शेवटचा श्वास व हकार कापून नेतो.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

हा आक्षेप मला अर्धाच पटतो. मुद्रणानंतर प्लगइनने ६ डीबी दाबून तेवढाच गेन दिलात तरी कूलर तेवढाच वर येणार आहे. दोष दाबण्याच्या वेळेचा नसून खोलीचा आहे. आणि मी मेकअप गेन शून्यावरच ठेवतो. पातळी वाढवायची असेल तर ती मिक्सिंगमध्ये वाढते.

कोरा टेक

वेळेचाही आहे, आणि तोच माझा खरा मुद्दा आहे. कोऱ्या मुद्रणात कूलरची घरघर पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकाच पातळीवर असते, त्यामुळे गाणे सुरू होण्यापूर्वीचा रिकामा तुकडा नमुना म्हणून देऊन नॉइज रिडक्शनला (नको असलेला आवाज काढणाऱ्या प्रणालीला) ती ओळखता येते व काढता येते. कॉम्प्रेसरमधून आलेल्या मुद्रणात प्रत्येक पुकारीबरोबर ती घरघर खाली जाते आणि रिलीजच्या वेगाने पुन्हा वर येते. रिकाम्या तुकड्यातील नमुना मग गाण्याच्या आतील घरघरीशी जुळत नाही. आधी स्वच्छ करावे, मग दाबावे. हा क्रम आपण स्ट्रिपमध्ये उलटा करून ठेवता आणि तो परत सुलटा करण्याची सोय राहत नाही.

खंजिरीची थाप

या चर्चेत एक वेगळे उदाहरण मांडतो. मी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचे मुद्रण करतो आणि आमच्याकडील बहुतेक भजनी गायक खंजिरी स्वतःच वाजवतात. ती हातात नसेल तर त्यांचा सूर आणि लय दोन्ही हरवतात, म्हणून 'आधी गा, खंजिरी नंतर वेगळी घेऊ' असे त्यांना सांगून उपयोग नसतो. आता एकाच माइकवर आवाज आणि खंजिरी दोन्ही येत असताना कॉम्प्रेसर लावला, तर त्याला गायक आणि थाप यांतील भेद कळत नाही. जी पातळी मोठी ती तो दाबतो. प्रत्येक थापेला शब्द आत ओढला जातो आणि चकत्यांचा खणखणाट ओसरेपर्यंत तो बाहेर येत नाही. श्रोत्याला वाटते की गायक दम खातो आहे. असे एक अख्खे भजन दुसऱ्या ठिकाणी मुद्रित होऊन माझ्याकडे मिक्सिंगला आले होते आणि त्यावर कोणताही उपाय चालला नाही.

त्यामुळे माझे मत कोरा टेक यांच्या बाजूने आहे, परंतु कारण त्यांच्याहून वेगळे आहे. बिट आणि आकडे राहू द्या. समोर काय वाजणार आहे हे गायक गाईपर्यंत आपल्याला ठाऊक नसते.

प्रतापनगरची गायिका

आपण सर्वजण गायकाच्या वतीने बोलत आहात, म्हणून माइकसमोर उभी राहणारी व्यक्ती या नात्याने लिहिते. हेडफोनमध्ये आवाज बांधलेला आला की धीर येतो, हे मंद्रसप्तक दादांचे म्हणणे काहींच्या बाबतीत खरे असेल. मला मात्र उलटा अनुभव आहे. मी जोर लावते तरी कानात आवाज वाढत नाही, म्हणून मी आणखी जोर लावते, आणि दोन अंतऱ्यांत गळा बसू लागतो. मला कानात कोरा आवाज आणि थोडा रिव्हर्ब (घुमारा) हवा असतो. माइकपासून मागेपुढे होऊन पातळी सांभाळण्याचे काम मला येते आणि ते मला करू द्यावे.

दुसरी तक्रार प्लगइनवाल्यांविषयी आहे. संगणकातून फिरून आलेला आवाज हेडफोनमध्ये किंचित मागाहून येतो आणि जलद तानेत तो इतका बोचतो की सूर ढळतो. याबाबतीत स्ट्रिप बरी, कारण तिच्यातून जाणारा आवाज तत्काळ कानात येतो.

कोरा टेक

ताई, आपल्या दुसऱ्या तक्रारीचे कारण बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून हाताळतो तो आवाजाचा तुकडा, हे आहे; त्याची लांबी सॅम्पलमध्ये (आवाजाच्या एकेका मापात) मोजतात. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर ठेवला तर जाताना ५.३ आणि येताना ५.३ मिलिसेकंद, म्हणजे कन्व्हर्टरचा वेळ धरण्यापूर्वीच १० मिलिसेकंदांहून अधिक उशीर होतो. ६४ सॅम्पलवर तो तीनच्या आत येतो. ते संगणकाला झेपत नसेल तर इंटरफेसचे (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचे) डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे संगणकात न फिरवता आवाज थेट हेडफोनला देण्याची सोय, वापरावे. त्यासाठी स्ट्रिपची गरज नाही.

मानेवाड्याचा नवशिक्या

सर्वांना नमस्कार. मी दोन्ही बाजूंचा सल्ला करून पाहिला आणि दोन्हींनी काम झाले नाही, म्हणून विचारतो. जुन्या बाजारातून एक व्हॉल्व्हची स्ट्रिप घेतली आहे. माइक स्ट्रिपला जोडला आणि स्ट्रिपच्या मागच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) आउटपुटमधून केबल इंटरफेसच्या पुढच्या खाचेत जोडली. कॉम्प्रेसर बंद आहे, स्ट्रिपचे मीटर हिरव्यातच राहते, इंटरफेसचा गेन शून्यावर आहे, तरी आवाज फाटका येतो. मध्ये शांतता असली की सरसर ऐकू येते आणि तिच्याखाली गुणगुणही आहे. स्ट्रिप बिघडलेली आहे का?

धंतोलीकर

भाऊ, स्ट्रिप बहुधा ठणठणीत आहे. जोडणी चुकली आहे. बहुतेक इंटरफेसच्या पुढच्या संयुक्त खाचेत एक्सएलआर खोचले की ते माइक-प्रीअँपकडे जाते आणि पाव इंची जॅक खोचला की लाइन इनपुटकडे जाते. माइकची पातळी काही मिलिव्होल्टची असते, तर स्ट्रिपमधून बाहेर पडणारी अधिक ४ डीबीयूची लाइन पातळी १.२३ व्होल्टची असते. ती आपण माइकसाठी केलेल्या दारातून आत कोंबत आहात, म्हणून गेन शून्यावर असूनही दुसरा प्रीअँप फाटतो. ते टाळण्यासाठी स्ट्रिप खाली केली की पहिल्या प्रीअँपला काम उरत नाही आणि सरसर तेवढी वर येते.

उपाय असा. स्ट्रिपकडून एक्सएलआर आणि इंटरफेसकडे तीन वळ्यांचा संतुलित जॅक अशी केबल घ्यावी आणि ती लाइन इनपुटला, मागे असेल तर मागच्याला, जोडावी. दोन वळ्यांचा गिटारचा जॅक वापरू नये; पुष्कळ यंत्रांत त्याने ६ डीबी पातळी जाते आणि गुणगुण आत शिरते. इंटरफेसवरील 'इन्स्ट्रुमेंट'चे बटण दाबलेले नाही याची खात्री करावी, कारण त्या एका बटणामुळेही हुबेहूब असाच फाटका आवाज येतो. फँटम पॉवरचे (माइकला त्याच्याच केबलमधून मिळणाऱ्या विजेचे) ४८ व्होल्ट फक्त स्ट्रिपवर द्यावेत आणि इंटरफेसवर बंद ठेवावेत. उलट्या दिशेने ते स्ट्रिपच्या आउटपुटमध्ये जाणे चांगले नाही. स्ट्रिपच्या मागे अधिक ४ आणि उणे १० असा लाइन पातळीचा खटका असेल तर दोन्हींत सुमारे १२ डीबीचे अंतर पडते, तेव्हा तो इंटरफेसच्या लाइन इनपुटशी जुळवावा.

इतके करून गुणगुण राहिली तर स्ट्रिपचा गेन पूर्ण खाली आणावा. गुणगुण गेली तर ती माइक, त्याची केबल किंवा पहिल्या प्रीअँपमधून येत आहे. राहिली तर ती त्याच्या पुढे आहे. मग लॅपटॉपचा चार्जर काढून केवळ बॅटरीवर ऐकावे. गुणगुण थांबली तर तो अर्थिंगचा फेरा (अर्थच्या दोन वाटांतून फिरणारा प्रवाह) आहे आणि सर्व यंत्रे एकाच सॉकेटपट्टीवर आणल्याने बहुधा सुटतो. प्लगची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. तो कृपा करून मानू नये, जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्राबाबत तर मुळीच नाही. सूर ५० हर्ट्झचा खोल असेल तर शक्यता अर्थिंगची किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरची. १०० हर्ट्झचा खरखरीत असेल तर पॉवर सप्लायमधील जुने कपॅसिटर तपासून घ्यावेत. लो-कटने पहिला थोडा झाकला जातो, दुसरा नाही.

बटणे फिरवताना खरखर होत असेल तर ती आपल्या उन्हाळ्यातील धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण दहा-वीस वेळा फिरवले की बहुधा जाते.

मानेवाड्याचा नवशिक्या

धंतोलीकर काका, केबल बदलली आणि आवाज स्वच्छ झाला. गुणगुण चार्जरचीच निघाली. आता कॉम्प्रेसर लावू की नको?

धंतोलीकर

सध्या नको. हात बसेपर्यंत लो-कट आणि प्रीअँप एवढेच वापरावे. पॉप फिल्टर लावून माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवावा आणि मागच्या भिंतीवर जाड रजया टांगाव्यात. त्या रजयांनी आवाजात जो फरक पडेल तो या धाग्यातील कोणत्याही सेटिंगने पडणार नाही.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

खंजिरीचा मुद्दा मला मान्य आहे आणि तेथे दोन माइक व दोन्ही कोरे हेच योग्य. हेडफोनबाबत ताईंचे म्हणणेही गायकागणिक ठरवण्यासारखे आहे. एकट्या आवाजाच्या बाबतीत मात्र मी मत बदललेले नाही, आणि त्याचे कारण तांत्रिक नसून व्यवहाराचे आहे. आपल्याकडे गायक गडचिरोली-गोंदियाकडून एका दिवसासाठी येतो, फाइल त्याच रात्री कोणातरी तिसऱ्याकडे मिक्सिंगला जाते, आणि तो तिसरा १५ डीबीचे अंतर हाताने सांभाळत बसत नाही; तो एकच जाड कॉम्प्रेसर लावून १० डीबी दाबतो आणि मोकळा होतो. मी दाबलेले ३ डीबी त्या १० डीबींपेक्षा गाण्याला कमी जाचतात. ज्याला स्वतःच्या हाताने मिक्सिंग करायचे आहे त्याने खुशाल कोरे घ्यावे.

कोरा टेक

मग किमान दोन ट्रॅक द्यावेत. आपल्या इंटरफेसला दोन इनपुट असतील तर ट्रान्सफॉर्मरच्या स्प्लिटरने (एकच संकेत दोन वाटांना देणाऱ्या पेटीने) माइकचा एक फाटा स्ट्रिपला आणि दुसरा थेट इंटरफेसच्या प्रीअँपला देता येतो. फँटम पॉवर एकाच बाजूने, स्प्लिटरच्या ट्रान्सफॉर्मरमधून न जाणाऱ्या थेट फाट्यावरून, द्यावी लागते एवढेच. आपल्या तिसऱ्या माणसाला दाबलेला ट्रॅक मिळेल, आणि वर्षभराने कोणाला ते गाणे नव्याने बांधायचे झाले तर कोराही हाती असेल. आणि फाइलच्या नावात रेशो व थ्रेशोल्ड लिहून ठेवावे, ही विनंती.