नववी ते बारावीसाठी रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम: भाषण सोडून काय करता येईल? (नाशिक)

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. गंगापूर रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, शाळेला जोडूनच ज्युनियर कॉलेज आहे. जानेवारीतलं रस्ता सुरक्षा अभियान यंदा माझ्या गळ्यात पडलंय. दरवर्षीचा साचा ठरलेला: पाहुणे, पाऊण तास भाषण, घोषवाक्य स्पर्धा, शपथ. आणि शाळा सुटली की तीच पोरं गेटसमोरून ट्रिपल सीट भुर्र. दोन तास आणि ग्राउंड मिळेल, पैसे जवळपास नाहीत. काही वेगळं सुचवा. शिवाय अकरावीची मुलं 'सोळाला लायसन्स मिळतं मॅडम' म्हणून वाद घालतात, त्याचं नेमकं काय?

पेठरोडकर:
मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं, तेही पालकांच्या संमतीनं. घरोघरी उभी असलेली अ‍ॅक्टिव्हा ११० सीसीची, ती त्यात बसत नाही. आणि ५० सीसीची नवी पेट्रोल गाडी शोरूमला शोधून सापडायची नाही. म्हणजे व्यवहारात १८ पूर्ण होईपर्यंत थांबायचं. मग लर्निंग (सहा महिने चालतं), आणि किमान ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट. ताशी २५ किमीच्या आतली, २५० वॅटपेक्षा कमी मोटरची इलेक्ट्रिक असेल तर लायसन्स लागत नाही. मात्र कुणाकडून तरी तिचा वेग वाढवून घेतला की ती सूट गेली. हे मुलांना ठणकावून सांगा, कारण वेग वाढवून घेणारे वर्गातच बसलेले असतील.

चाकोरीबाहेर:
मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता, मग पाहुणे हवेत कशाला? नववीच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'गतीचे नियम'. तो ग्राउंडवर घ्या.

फक्की आणि टेप आणा. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर कुत्रं आलं हे डोक्यात शिरून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे. तिथे पहिली रेघ. कोरडा, चांगला डांबरी रस्ता धरला तर ब्रेक लागल्यावर आणखी ७ मीटर. तिथे दुसरी. आता विचारा, ताशी ७२ ला गाडी कुठे थांबेल? बहुतेक जण दुप्पट करून ३४ म्हणतील. एकाला त्या जागी उभा करा आणि मग गतीच्या तिसऱ्या समीकरणानं त्यांनाच गणित सोडवू द्या. पहिला टप्पा २० मीटर होतो, पण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणून दुसरा थेट २८. एकूण ४८. मधे उभा असलेला पोरगा गाडीखाली गेला, हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. वाळू, चिखल असेल तर अंतर याहून जास्त.

जाता जाता मोबाइलचंही उरका. ३६ च्या वेगानं दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर २० मीटर आंधळी जातात. रुमालानं डोळे बांधून एकाला तेवढं चालायला लावा.

आयशरवाला:
वरचं एक नंबर. त्यात भर. शाळेची बस ग्राउंडवर उभी करा, इंजिन बंद, किल्ली ड्रायव्हरदादांच्या खिशात. एकेकाला ड्रायव्हर सीटवर बसवा. बाकीच्यांना पुढच्या बंपरला चिकटून आणि डाव्या बाजूला मागच्या चाकापाशी उभं करा. कितीजण दिसतात ते मोजायला सांगा. द्वारका चौकात डंपरच्या डाव्या अंगानं स्कूटी घुसवणाऱ्याला वाटतं ड्रायव्हरनं आपल्याला बघितलंय. वर बसल्याशिवाय हा भ्रम जात नाही. पिंपळगाव, दिंडोरीकडून येणारी मुलं असतील तर रात्रीच्या बिनरिफ्लेक्टर ट्रॉलीचाही विषय काढा.

नाशिकची_आई:
सगळं छान, पण किल्ली देतं कोण? आम्हीच. मुलांपेक्षा पालकसभा घ्या आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ वाचून दाखवा: अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

पेठरोडकर:
ताई, कलम वाचून पालक माना डोलावतात आणि संध्याकाळी क्लासला उशीर होतोय म्हणून किल्ली देतातच. चार घरांनी मिळून रिक्षा लावायची किंवा आळीपाळीनं सोडायचं, हे त्याच सभेत ठरवून घेतलं तर काही उपयोग.

नाशिकची_आई:
हे पटलं. पण कलम वाचाच, आमच्या ह्यांना तेच समजतं.

मिसळ_आणि_मत:
लहान वर्गांना तिडके कॉलनीत 'नाशिक फर्स्ट' या संस्थेचं ट्रॅफिक पार्क आहे, २०२१ मध्ये पोलीस बिनहेल्मेटवाल्यांना समुपदेशनाला तिथेच धाडत होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' होतं. पंपावर एकच हेल्मेट चौघांच्या डोक्यावर फिरायचं, ते आठवा आणि सक्तीवर फार भिस्त ठेवू नका. हेल्मेट दाखवणार असाल तर पट्टा लावून दाखवा. बिनपट्ट्याचं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जातं. आणि मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचंच आहे, हे मुलींना हमखास माहीत नसतं.

गोदाकाठची:
सगळ्यांचे आभार. फक्की आणि बस दोन्ही करते, घोषवाक्य स्पर्धा रद्द. पालकसभा शनिवारी आहेच, त्यात रिक्षाची यादी फिरवते. @आयशरवाला, बसवर मीच बोलू की कुणाला बोलवू?

आयशरवाला:
ड्रायव्हरदादांनाच बोलू द्या. फक्त आदल्या दिवशी चहा पाजून सांगून ठेवा, नाहीतर माईक बघून गप्प बसतील.